पावनखिंडीची वाट

आषाढ लागला की कोल्हापूरच्या तरुणांची पावले पन्हाळ्याकडे वळू लागतात. विविध संस्थांच्या, तालमींच्या आणि महाविद्यालयांच्या पावनखिंड मोहिमा एकापाठोपाठ एक निघतात. सुटीचे दोन दिवस घरात न घालवता पावसात, चिखलात चालण्याची उमेद पुढच्या पिढीत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु उमेदीला योजनेची जोड नसेल तर तिचे रूपांतर केवळ गर्दीत होते. आज या वाटेवर नेमके तेच घडू लागले आहे.

या वाटेचे मोल वेगळे सांगावयास नको. मार्च १६६० पासून सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्याभोवती आवळलेला होता. जुलैच्या एका पावसाळी रात्री शिवाजीमहाराज निवडक मावळ्यांसह गडाबाहेर पडले. शिवा काशीदाने महाराजांचे सोंग घेऊन प्राण दिले; बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे वीर घोडखिंडीत धारातीर्थी पडले. महाराज विशाळगडी सुखरूप पोहोचले आणि घोडखिंड पावनखिंड झाली. त्या रात्रीचे यश पराक्रमाचे होते, तसेच ते योजनेचेही होते. वाट, वेळ, माणसे आणि शत्रूची गफलत यांचा हिशेब आधी मांडला गेला होता. त्या वाटेने जाणाऱ्यांनी निदान एवढा तरी धडा घ्यावयास हवा.

पन्हाळ्याहून निघालेली वाट मसाई पठारावर चढते. जांभ्या दगडाचे हे विस्तीर्ण पठार दुरून उजाड भासते. प्रत्यक्षात पावसाळ्याच्या अखेरीस त्याच्या बोटभर मातीत इवल्या फुलांचे गालिचे पसरतात. पुढे खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी अशा वाड्या, भातखाचरे, ओढे आणि दाट झाडी ओलांडत वाट पांढरपाण्याला पोहोचते. तेथून खिंड जवळ येते. हे अंतर चाळीस-पन्नास किलोमीटरांचे असून ते सामान्यतः दोन दिवसांत चालतात. सवय नसलेल्याने एकदम हे धाडस करू नये. महिनाभर आधी चालण्याचा सराव करावा. कोरडे कपडे मेणकापडात बांधावेत, तळव्याची पकड घट्ट असलेले बूट घ्यावेत, जळवांसाठी मीठ-हळद जवळ ठेवावी. धुक्यात पठारावर दिशाच हरवते. म्हणून गावचा वाटाड्या हवाच. ओढ्याला लोंढा आला असेल तर थांबण्यात कमीपणा नाही. माघारी फिरण्याची तयारी हाही योजनेचाच भाग आहे.

एकट्यादुकट्याने घ्यावयाची ही काळजी झाली. शेकडोंचा जथा एकदम निघतो तेव्हा प्रश्न निराळा होतो. पायांखाली पठाराची माती उखडते, खाचरांचे बांध ढासळतात, मुक्कामाच्या वाडीत पत्रावळी आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे ढीग उरतात. पाहुणे शहरात परततात. निस्तरायचे मात्र वाडीकरांनी. ज्याच्या ओसरीवर रात्र काढली त्याचा बांध मोडून जाणे, याला इतिहासप्रेम कसे म्हणावे?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत पन्हाळा आहे. या मानामुळे येणाऱ्यांची संख्या वाढणार, हे उघड आहे. पण मान तटबुरुजांना मिळाला. तटाबाहेर पडून खिंडीकडे जाणाऱ्या वाटेचे काय? या डोंगराची सोसण्याची शक्तीही अमर्याद नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा रस्ताच खचला होता, हे विसरून चालणार नाही. तेव्हा सोयीच्या नावाखाली पायवाटेचे डांबरीकरण करणे, हा यावरचा उपाय नव्हे. गाडी थेट खिंडीच्या तोंडाशी गेली तर चालण्याचे प्रयोजनच संपते.

पेरू देशात माचू पिचूकडे जाणारी इंका लोकांची प्राचीन पायवाट आहे. तेथे वाटाडे आणि हमाल धरून दिवसाला पाचशेच माणसांना प्रवेश मिळतो आणि दर फेब्रुवारीत डागडुजीसाठी ती वाट बंद ठेवतात. त्यामुळे तिची प्रतिष्ठा कमी झाली नाही, उलट वाढलीच. आपल्याकडे असे बंधन घालण्यास हरकत कोणती? जिल्हा प्रशासन, वनखाते, ग्रामपंचायती आणि मोहिमा काढणाऱ्या संस्था यांनी उन्हाळ्यातच एकत्र बसून तारखा वाटून घ्याव्यात, दिवसाची संख्या ठरवावी. वाटाडे, भोजन आणि मुक्काम यांचे काम वाडीकरांकडे सोपवून त्याचा रास्त मोबदला द्यावा. आणलेला कचरा परत नेण्याची सक्ती असावी. आणि सर्वांनी आषाढातच का यावे? भाद्रपदात पठार फुलते, हिवाळ्यात वाट कोरडी आणि आकाश निरभ्र असते.

बाजीप्रभूंनी ही खिंड काही प्रहर अडवून धरली, ती मागून येणारी झुंड थोपविण्यासाठी. आज मागून येणारी झुंड आपलीच आहे. तिला थोपवावयास तलवार नको. थोडी शिस्त आणि वेळेवर केलेली योजना पुरेशी आहे.