नारायणगावची फेसाळ वाईन

पुणे-नाशिक रस्त्यावरचं नारायणगाव म्हटलं की तमाशाच्या राहुट्या आठवतात, टोमॅटोचा बाजार आठवतो. याच गावाजवळ ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी शॅम्पेनच्या पद्धतीनं फेसाळ वाईन करायला घेतली. तांत्रिक मदत होती १७८५ पासून चालत आलेल्या पायपर-हाइडसिक या फ्रेंच घराण्याची. कंपनी ‘शॅम्पेन इंडेज’. परदेशी जाणारी बाटली ‘ओमर खय्याम’ या नावानं गेली.

तळघरातलं काम फ्रेंच रिवाजानंच चाले. आधी साधी, आंबटसर वाईन करायची. ती बाटलीत भरताना साखर आणि यीस्ट घालून तोंड पक्कं बंद करायचं. आत वाईन पुन्हा आंबते, वायूला वाट मिळत नाही, तो तिच्यातच मुरतो. दाब हवेच्या पाच-सहा पट होतो. मग बाटल्या तोंड खाली करून कलत्या ठेवून, थोड्याथोड्या फिरवत गाळ मानेशी आणायचा आणि मान गोठवायची. झाकण काढलं की आतला दाबच गाळाचा गोठलेला गोळा बाहेर फेकतो.

परंपरा मोडली ती मळ्यात, आणि मला खरा पराक्रम तिथलाच वाटतो. शॅम्पेन प्रांत ४९ अक्षांशावर; हिवाळ्यात तिथली वेल निजते, काढणी साधारण सप्टेंबरात. नारायणगाव १९ अक्षांशावर. इथे वेल निजतच नाही, म्हणून तिला छाटणीनंच ऋतू शिकवावे लागतात: एप्रिलची खरड छाटणी काडी घडवायला, ऑक्टोबरची गोडी छाटणी घडासाठी. ही विद्या खाण्याची द्राक्षं पिकवणाऱ्या आपल्या बागायतदारांची. ऊन चढलं की साखर वाढते, आंबटपणा उतरतो; फेसाळ वाईनला तर आंबटपणा हवाच. त्यामुळे द्राक्ष लवकर तोडायचं. शार्दोनेच्या जोडीला उन्यी ब्लाँ हा वाणही घेतला. फ्रान्समध्ये त्याची कोन्याक ब्रँडी होते, शॅम्पेनच्या नियमांत तो बसत नाही. पण उष्ण हवेतही आंबटपणा टिकवतो.

पुढे कंपनीनं परदेशातही हातपाय पसरले. २००८ नंतर कर्जाचा भार पेलवेना आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयानं ती गुंडाळण्याचा आदेश दिला. नवं धाडस करणाऱ्या कारखान्याचा असा शेवट व्हायला नको होता.

२०१३ मध्ये शांदों ही फ्रेंच मूळ असलेली फेसाळ वाईन भारतात बनू लागली, तीही महाराष्ट्रातल्याच द्राक्षांची. तिच्यात शार्दोने आणि पिनो न्वारसोबत शेनँ ब्लाँ आहे. तोही शॅम्पेनच्या यादीबाहेरचाच वाण.