चावडीवरचा रेडिओ

१९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी साडेसहाला मराठी मुलखातल्या दीडशे गावांत रेडिओ लागायचा. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा, असे पाच जिल्हे. गावातली वीसेक माणसं अर्धा तास शेतीवरचा कार्यक्रम ऐकायची आणि मग रेडिओ बंद करायची. खरी बैठक तिथून पुढे सुरू व्हायची. खत, रोगराई, विहीर, बाजार. जे ऐकलं ते आपल्या गावात लागू पडतं का, यावर वाद रंगायचा. गावातलाच एक जण निमंत्रक म्हणून ते टिपून घ्यायचा आणि या ऐकणाऱ्यांच्या मंडळाचे प्रश्न आकाशवाणीकडे धाडायचा. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळायची.

युनेस्कोच्या मदतीने झालेला हा प्रयोग जगभरच्या अभ्यासकांना ‘पूना प्रकल्प’ म्हणून माहीत आहे. मराठी वाचकाला मात्र त्याचं नावही सहसा ऐकून माहीत नसतं. आपल्याकडे प्रादेशिक रेडिओचा इतिहास सांगताना आवाज आठवतात, गाणी आठवतात. ऐकणारा काय म्हणाला, हे कुणी विचारत नाही.

तसा हा इतिहास मुंबईत सुरू झाला. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र उघडलं. कंपनी खासगी. संच महाग, परवानाधारक मूठभर. तीन वर्षांतच तिचं दिवाळं निघालं. १९३० मध्ये सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. मराठी मुलखात मुंबईनंतर १९४८ मध्ये नागपूर आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झालं.

पुणे केंद्राला दीड वर्षातच असं यश मिळालं की पुढे कित्येक दशकं ‘मराठी रेडिओ’ म्हटलं की तेच आठवावं. केंद्राचे सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांना वर्षभर चालेल अशी गीतमाला लिहायला सांगितली. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झालं. आठवड्याला एक गीत, संगीत सुधीर फडक्यांचं. बावन्न गीतांचा हिशेब होता, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गीतं छप्पन्न झाली.

गीतरामायणाचे शेवटचे आठवडे आणि शेतकऱ्यांच्या त्या बैठका एकाच वसंतातल्या. त्याच सुमारास गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात रुजू झाले आणि पुढे सुमारे तीस वर्षं तिथेच राहिले. थोरला भाऊ घरोघरच्या देव्हाऱ्यापर्यंत पोचला होता. धाकट्याच्या वाट्याला शिवार आलं. दोघेही माणदेशातले, माडगुळ्याचे. पावसाने पाठ फिरवलेल्या मुलखातून माणूस उठतो, पुण्याला जातो आणि तिथल्या मायक्रोफोनवरून गावाशी बोलतो. प्रादेशिक रेडिओची घडण तेव्हा अशी होती.

पूना प्रकल्पाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी केली. नाझींच्या छळछावण्यांतून सुटलेला हा समाजशास्त्रज्ञ. त्यांनी तीन प्रकारची गावं ताडून पाहिली: मंडळ असलेली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नसलेली. मंडळाच्या गावांत शेतीविषयीची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक थोडाच होता. शिवाय कोणी न योजलेली एक गोष्ट घडली. ही ऐकणाऱ्यांची मंडळं निर्णय घेऊ लागली. काही ठिकाणी गावच्या कामात ती निवडून आलेल्या पंचायतीपेक्षा चपळ ठरली.

कल्पना मुळात कॅनडाची. तिथे शेतकऱ्यांच्या अशा श्रोतृमंडळांची परंपरा १९४१ पासूनची. पण आपल्याकडे चावडी आधीपासूनच होती. रेडिओने तिला नवा विषय दिला, एवढंच.

१९५९ पासून ही योजना देशभर नेली गेली. त्यानंतर ट्रान्झिस्टर आला. रेडिओ चावडीवरून घरात, घरातून बांधावर आणि खिशात गेला. ऐकणं सोयीचं झालं आणि एकेकट्याचं झालं. सांगली, परभणी, जळगाव, रत्नागिरी अशी केंद्रं वाढली. वऱ्हाडीपासून मालवणीपर्यंतच्या बोलींना जागा मिळाली. श्रोत्याचा वाटा मात्र फर्माइशीच्या पोस्टकार्डापुरता उरला.

दार पुन्हा उघडलं ते न्यायालयात. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादात निकाल दिला की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. पुढे दोन वाटा फुटल्या. पहिली खासगी एफएमची. २००१ पासून ही केंद्रं येऊ लागली, पण त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आणि मुंबईसारख्या शहरात त्यांचा बहुतेक वेळ हिंदी चित्रपटगीतांचा. दुसरी वाट सामुदायिक रेडिओची. २००२ मध्ये ती शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही खुली झाली. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, जत तालुक्यातल्या जालिहाळची ‘येरळावाणी’ ही या वाटेवरची नावं.

याच वाटेने २००८ मध्ये म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. म्हसवड म्हणजे पुन्हा माणदेशच. चेतना सिन्हा यांनी उभारलेल्या माणदेशी संस्थेची ही वाहिनी; १९९७ पासूनची इथली महिलांची सहकारी बँकही त्यांनीच उभारलेली. अशा केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे फारसा जात नाही. जावा अशी अपेक्षाही नाही. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या पंचक्रोशीतली बाई जात्यावरची ओवी म्हणते, शेळीच्या आजाराबद्दल विचारते आणि तिचा शब्द तिच्याच वाडीवर ऐकू येतो. माडगूळकर बंधूंना ज्या शब्दांसाठी पुणं गाठावं लागलं, त्या शब्दांना आता जागचं हलावं लागत नाही.

तरी हिशेब पुरा झालेला नाही. सामुदायिक केंद्रालाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्याच तेवढ्या पुन्हा ऐकवता येतात. म्हणजे म्हसवडच्या वाहिनीने ओवी ऐकवावी, पण तलावात पाणी का सोडलं नाही ही बातमी म्हणून सांगू नये.

१९५६ च्या त्या निमंत्रकाच्या कागदावर गावाचेच प्रश्न असत. तो ते टपालात टाकायचा आणि रेडिओकडून उत्तर यायचं. आज प्रक्षेपकच गावात आला आहे. तो कागद मात्र अजून बातमी म्हणून मायक्रोफोनपुढे वाचता येत नाही.