लोकवर्गणीतून परतलेले खेळ

गुहेचे तोंड, हातात कंदील आणि पुढे काळोख. पाऊल कोणत्या दिशेस टाकावयाचे, हे खेळणाऱ्यानेच ठरवावयाचे. संगणकावरील साहसकथेच्या खेळाचा जन्म असा झाला. विल क्राउथर या अमेरिकन प्रोग्रॅमरला गुहा पालथ्या घालण्याचा छंद होता. १९७५-७६ च्या सुमारास त्याने केंटकीतील मॅमथ गुहेच्या आधारे असा पहिला खेळ रचला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्सने तो वाढविला. त्यात चित्र एकही नव्हते. पडद्यावर वर्णन उमटे. खेळणारा ‘उत्तरेकडे जा’, ‘कंदील घे’ अशा अर्थाच्या आज्ञा टंकित करी, आणि कथा पुढे सरके.

पुढे चित्रे आली, संगीत आले. १९९० साली निघालेला रॉन गिल्बर्टचा ‘सिक्रेट ऑफ मंकी आयलंड’ हा या परंपरेतील गाजलेला खेळ होय. येथे बोटांच्या चपळाईला महत्त्व नाही. नीट पाहावे, ऐकावे, कोडे उलगडावे, हाच आनंद. परंतु धावपळीच्या व लढाईच्या खेळांपुढे हा शांत प्रकार मागे पडला. १९९८ च्या ‘ग्रिम फँडँगो’ची रसिकांनी वाहवा केली, तरी विक्री बेताचीच झाली आणि मोठ्या प्रकाशकांनी लवकरच पाठ फिरविली.

शंभर वर्षांपूर्वीचा ग्रंथ आजही उघडता येतो; खेळाचे तसे नाही. ज्या यंत्रासाठी तो घडविला ते यंत्र गेले की खेळही मुका होतो. शिवाय त्याचा हक्क कंपनीकडे असतो, निर्मात्याकडे नव्हे. म्हणून प्रथम धावून आले ते रसिकच. २००१ मध्ये ‘स्कमव्हीएम’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. स्वयंसेवकांच्या या प्रोग्रॅममुळे जुन्या खेळांच्या मूळ फाइली नव्या संगणकांवर चालू लागल्या.

जुने जपले गेले. पण नवे कसे निघावे? पूर्वी मराठी ग्रंथ आगाऊ वर्गणीदार मिळवून छापले जात. तीच रीत येथे कामी आली. फेब्रुवारी २०१२ मध्ये टिम शेफर याच्या ‘डबल फाइन’ संस्थेने ‘किकस्टार्टर’वर चार लक्ष डॉलर मागितले. ८७ हजारांहून अधिक लोकांनी तेहतीस लक्षांवर डॉलर दिले! प्रकाशकाला न दिसलेला ग्राहक होताच. त्याला विचारणारे कोणी नव्हते.

तथापि पैसा आला म्हणजे काम सोपे झाले, असे नव्हे. हाती पैसा वाढला तसा बेतही वाढला. ‘ब्रोकन एज’ हा तो खेळ २०१४ व २०१५ अशा दोन भागांत निघाला आणि दुसऱ्या भागाचा खर्च पहिल्याच्या विक्रीतून भागवावा लागला. वर्गणीदार हा भागीदार नसतो. तो विश्वासावर पैसे देतो, हे येथे ध्यानात ठेवावे. गिल्बर्टनेही याच मार्गाने २०१७ मध्ये ‘थिंबलवीड पार्क’ काढला. पुढे हक्कधारकांच्या संमतीने २०२२ मध्ये मंकी आयलंडची नवी कथाही त्याच्या हातून अवतरली.

महाराष्ट्रातही एक उदाहरण आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने ‘राजी’ हा खेळ घडविला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा. त्यात कोड्यांबरोबर लढाईही आहे. २०१७ मधील तिची वर्गणीची हाक अपुरी पडली. परंतु संस्थेने काम सोडले नाही. २०२० मध्ये खेळ प्रसिद्ध झाला आणि जागतिक पुरस्कारांच्या नामांकनांत पोहोचला.

हुबळी-धारवाडच्या मुलांच्या ओठांवर मराठी आणि कन्नड दोन्ही असतात. त्यांचे खेळ मात्र बहुधा इंग्रजीत बोलतात. साहसकथेचा मूळ खेळ केवळ शब्दांचा होता, ही गोष्ट येथे मोलाची आहे. तो रचण्याची साधने आज विनामूल्य मिळतात. उणकलच्या प्राचीन चंद्रमौळीश्वर मंदिराच्या दाराशी एखादी कथा सुरू करावयास लक्षावधी डॉलर लागत नाहीत. लागतो तो एक साधा संगणक, मंदिर डोळसपणे पाहणारी दोनचार मुले, आणि ‘आत जा’ हे दोन शब्द.