एम.फिल.नंतरची वाट : कला शाखेतील संशोधनाधारित पदव्युत्तर शिक्षण

कला शाखेच्या विद्यार्थ्यास संशोधनाची गोडी आहे की नाही, हे पडताळून पाहण्याचे माध्यम म्हणून एम.फिल. ही पदवी अनेक वर्षे उपयोगी ठरली. एम.ए. आणि पीएच.डी. यांच्यामधील तो एक टप्पा होता. २०१६ च्या नियमांनुसार त्याचा कालावधी किमान दोन आणि कमाल चार सत्रांचा होता. घरातील पहिल्याच पिढीत उच्च शिक्षण घेणाऱ्यास, पीएच.डी.ची दीर्घ वाटचाल पत्करण्यापूर्वी, आपली कुवत येथे अजमावता येई.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने हा अभ्यासक्रम बंद करण्याचे ठरविले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ७ नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी त्याची अंमलबजावणी झाली. चिकित्सालयीन मानसशास्त्र व मनोविकार समाजकार्य या दोनच विषयांना २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ मिळाली. नियम लागू होण्यापूर्वी मिळालेल्या पदव्या मात्र वैध आहेत. तरीही काही विद्यापीठे प्रवेश देत असल्याचे आढळल्याने डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने विद्यार्थ्यांना सावध केले. मान्यता न तपासता घेतलेला प्रवेश म्हणजे वर्ष आणि शुल्क दोन्ही वाया जाणे होय.

मग संशोधनाची पूर्वतयारी कोठे करावी? आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यात याचे उत्तर आहे. दोन वर्षांच्या एम.ए.चे दुसरे वर्ष पूर्णतः संशोधनाला देण्याची मुभा विद्यापीठांना आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाचे एम.ए.ही करता येते. पीएच.डी.साठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के, तर चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेशासाठी ७५ टक्के गुण आवश्यक आहेत. राखीव व अन्य पात्र प्रवर्गांना ५ टक्के सवलत मिळते. जून २०२४ पासून 'नेट'चे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही ग्राह्य धरले जातात.

संशोधनाचा विषय दूर शोधावा लागत नाही. रायपूरमधील भनपुरी या औद्योगिक भागाचेच उदाहरण घ्या. तेथील कामगार कोणत्या गावांतून आले, कारखान्यात कोणती भाषा बोलतात आणि घरी कोणती, हा प्रश्न भाषाशास्त्र, समाजशास्त्र व अर्थशास्त्र या तिन्ही विषयांच्या कक्षेत येतो. एका वर्षात मोजक्या कुटुंबांच्या मुलाखतींतून तो हाताळता येईल. शहरातच १९६४ मध्ये स्थापन झालेले पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे. त्यापूर्वी येथील महाविद्यालये सागर विद्यापीठाशी आणि तत्पूर्वी नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. उच्च शिक्षणाचे केंद्र असे टप्प्याटप्प्याने विद्यार्थ्याच्या जवळ आले.

एम.फिल.चा टप्पा गेला, तरी त्यामागील गरज कायम आहे. म्हणूनच एम.ए.ला प्रवेश घेताना त्या विद्यापीठात प्रबंधाचा पर्याय आहे काय, आपल्या विषयाचे मार्गदर्शक उपलब्ध आहेत काय, याची चौकशी विद्यार्थ्यांनी प्रथम करावी. प्रबंधाचे ते एक वर्ष पुढील संशोधनाचा पाया ठरू शकते.