प्रकाश खातं कोण?

आता गंमत बघा. १९६०च्या दशकात चांगल्यातल्या काचतंतूत प्रकाश सोडला, तर वीसेक मीटरवर त्याचा शंभरावा भागच उरायचा. टेलिफोनला हे काय कामाचं? काचच प्रकाश खाते, असं बहुतेकांनी धरून ठेवलं होतं. इंग्लंडमध्ये हार्लोच्या प्रयोगशाळेतल्या चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली वेगळंच मांडलं. काच नव्हे, तिच्यात राहून गेलेले लोखंडासारख्या धातूंचे अंश प्रकाश खातात. ते काढा, मग एक किलोमीटरनंतरही शंभरावा भाग उरेल, आणि तेवढा पुरे.

पण काढायचे कसे? नेहमीसारखी भट्टीत काच वितळवली की अशुद्धी येणारच. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी काच वाफेपासूनच बनवली. सिलिकॉन क्लोराइडची वाफ ज्योतीत सोडली की सिलिकाची काजळी धरते. पांढरी काजळी, बरं का! धातूंची वाफ इतक्या सहज होत नाही, ते द्रवातच मागे राहतात. काजळी तापवून काच, काच तापवून ओढली की तंतू. १९७० साली त्यांनी काओंचं लक्ष्य मागे टाकलं. आजच्या तंतूत तोच शंभरावा भाग उरतो सुमारे शंभर किलोमीटरवर.