हाताची टाळी, पायाचा ठेका
पोरांना ताल शिकवायला पेटी-तबला लागत नाही



या पानावर आपण बियाणं, खतं, फवारणी याविषयी नेहमी वाचता. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण सुरू होतो शेतातूनच. चाड्यावर मूठ धरणं सगळ्यांना जमत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. बैलांची चाल आणि मुठीतून सुटणारं बी यांचा मेळ बसला तर ओळ सारखी उगवते. नाही तर कुठे दाटी, कुठे नांग्या. जिचा हात चाड्यावर बसलेला, तिला पेरणीच्या दिवसांत गावभर बोलावणं असायचं. मात्रा, ताल हे शब्द तिला कुणी शिकवले नव्हते. लहानपणी आईसमोर जात्याच्या खुंट्याला हात लावून बसली, तेव्हाच ते अंगात उतरलं होतं.

आता बहुतेक ठिकाणी पेरणी ट्रॅक्टरवर होते, दळण गिरणीतून येतं, आणि मोट तर विजेच्या मोटारी आल्या तेव्हाच गेली. कष्ट वाचले, चांगलंच झालं. पुन्हा जात्यावर बसा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण त्या कामांबरोबर पोरांना फुकटात मिळणारं एक शिक्षणही गेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी पुढाकार घेऊन जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या, म्हणून शब्द तरी राहिले. पण शब्द कागदावर राहतात, ताल नाही राहत. तो एका अंगातून दुसऱ्या अंगातच जावा लागतो.

परसबागेच्या निमित्तानं माझं शाळांमध्ये जाणं होतं. तालाचा विषय काढला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं : "साहेब, पेटी नाही, तबला नाही, संगीताचे गुरुजी नाहीत." लेझमी असतात, पण कपाटात. वास्तविक प्रत्येक पोराच्या अंगावर चार वाद्यं आहेत : चुटकी, टाळी, मांडी आणि पाय. जर्मनीत कार्ल ऑर्फ नावाचे संगीतकार होऊन गेले. १९२४ साली म्युनिकमध्ये सुरू झालेल्या एका शाळेत त्यांनी कामाला सुरुवात केली, आणि पुढे मुलांच्या संगीतशिक्षणात हीच चार वाद्यं पायाशी घेतली. झिम्मा-फुगडी खेळणाऱ्या आपल्या पोरींना हे सांगायला जर्मनीहून कुणी यायची गरज नव्हती. पण खेळातली गोष्ट शाळेच्या वेळेत कशी बसवायची, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

सुरुवात पायापासून करा. परिपाठ संपला की पोरांना गोल उभं करून जागच्या जागी पावली टाकू द्या. गुरुजींनी तोंडानं एक ते आठ मोजायचं. आपला भजनी ठेका आठ मात्रांचाच आहे, केरवाही आठाचा. केरव्यात पहिल्या मात्रेला टाळी आणि पाचवीला खाली, म्हणजे आवाज न करता हात नुसता बाजूला न्यायचा. हा रिकामा हात पोरांना सगळ्यात अवघड जातो. आवाज करायला सगळे तयार, गप्प राहायला कुणी नाही! पण मुकी मात्रा सांभाळली की ताल आला असं समजा. आठाचं बसलं की सहा मात्रांचा दादरा घ्या : पहिलीला टाळी, चौथीला खाली.

पोरं पळतात, म्हणजे लय वाढवत नेतात. नवख्या भजनी मंडळातही हे होतं. अशा वेळी ओरडून थांबवू नका. आवाज कमी करायला लावा, अगदी कुजबुजीवर आणा. लय आपोआप खाली येते. आणखी एक, पाय आपटायचे ते मातीवर. फरशीवर अनवाणी टाचा आपटल्या तर दुसऱ्या दिवशी पोर लंगडतं आणि आई शाळेत येते.

आता कवितेचं वृत्त. हा भाग पोरांना रुक्ष वाटतो, कारण तो फळ्यावर खुणा करून शिकवला जातो. इथे पोरांची नावंच कामाला घ्या. ऱ्हस्व अक्षर म्हणजे लघु, त्याला एक मात्रा, एक चुटकी. दीर्घ अक्षर म्हणजे गुरू, त्याला दोन मात्रा. टाळी वाजवून हात एक मात्रा तसेच जुळवून धरायचे. पुढच्या जोडाक्षराचा जोर आला किंवा अक्षरावर अनुस्वार असला, तरी ते गुरू. पहिली-दुसरीच्या बऱ्याच पोरांना चुटकी वाजत नाही, त्यांनी तळहातावर दोन बोटं मारावीत.

मग हजेरी घ्या. कमल : तीन चुटक्या, हा न गण. सुनीता : चुटकी, टाळी, टाळी, हा य गण. राधिका म्हणजे र गण, गणेश ज गण, माधव भ गण, कविता स गण, आकाश त गण. सावित्रीमध्ये 'वि' ऱ्हस्व दिसतो, पण पुढच्या 'त्री'चा जोर त्याच्यावर येतो, म्हणून तिन्ही टाळ्या, म गण. आठही गण हजेरीपटावर सापडले! एवढंच सांभाळा की बोलताना आपण 'गणेश'मधला 'श' तोडून टाकतो, वृत्तात तो पूर्ण म्हणायचा.

आता सगळ्या वर्गाला एका तालात चार वेळा 'सुनीता' म्हणायला लावा. बारा अक्षरं, वीस मात्रा. हेच भुजंगप्रयात वृत्त. समर्थांचे मनाचे श्लोक २०५, ते सगळे याच चालीवर. टाळ्या चालू ठेवून लगेच एक श्लोक म्हणायला सांगा, तो बरोबर त्याच खाचेत बसतो. तेव्हा पोरं एकमेकांकडे बघून हसतात. त्यानंतर गणाची व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

अभंगाचं गणित वेगळं, त्याची गल्लत करू नये. तिथे लघु-गुरू पाहायचं नाही, अक्षरं मोजायची. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. प्रत्येक अक्षराला मांडीवर थाप द्यायची, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक आलं की पाय. शेवटच्या चारांनंतर जी मोकळी जागा उरते ती घाईनं भरू नका. इथे गावातले पखवाजवाले बुवा आठवड्यातून एक दिवस शाळेत आले तर सोन्याहून पिवळं. त्यांना सन्मानानं बोलवा, नारळ द्या. मानधनाचा विषय नंतर ग्रामसभेत काढता येईल.

यानं गणित सुधारतं, मार्क वाढतात असं कुणी सांगितलं तर त्यावर भिस्त ठेवू नका. ताल हा ताल म्हणूनच शिकवायचा. कविता नीट म्हणता येते, कुठे थांबायचं ते कळतं आणि मागं बसणारं पोर गोलात उभं राहतं, एवढं पुष्कळ झालं.

मागं बसणाऱ्या पोरांवरून ऊसतोडीच्या टोळ्यांचं आठवलं. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबं कारखान्याकडे जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. ज्यांची हंगामी वसतिगृहात सोय होत नाही, ती पोरं आईबापांबरोबर जातात. परत आल्यावर पुस्तकाची पंधरा-वीस पानं पुढे गेलेली असतात, आणि ते पोर वर्गात तोंड उघडत नाही. शाळेची पेटी त्याला फडावर नेता येत नाही, पण हात आणि पाय बरोबरच असतात. कोपीपुढे संध्याकाळी धाकट्या भावंडांना गोलात घेऊन ते 'सुनीता, सुनीता' म्हणू शकतं, आणि परत आल्यावर पहिल्याच दिवशी गोलात उभं राहू शकतं. इथे त्याचं काही बुडालेलं नसतं.

म्हणून सरपंच, भाऊसाहेब आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना विनंती आहे की टोळ्या निघायच्या आत सुरुवात करा. रोज पंधरा मिनिटं. पहिले दोन आठवडे नुसती पावली आणि आठाची टाळी, पुढचे दोन आठवडे हजेरीतली नावं, श्लोक त्यानंतर. अभंगाला बुवा कोणत्या वारी मोकळे असतात, ते आजच विचारून ठेवा.