लाकडाची दुरुस्ती (भाग ७) : बंदुकीची मोडकी मान

मागच्या भागात झोपाळ्याच्या पाटाची फाट पाहिली. या वेळी पाळी बंदुकीच्या दस्त्याची.

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातल्या शस्त्रदालनात गर्दी असते ती तलवारींच्या मुठींपाशी. तोड्याच्या बंदुकांपुढे कुणी थांबलंच, तर नळीवरची नक्षी पाहतं. नळी पेलणाऱ्या लाकडाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. याच शहरात आबिड्सजवळच्या गनफाउंड्रीला जुने लोक ‘तोप का सांचा’ म्हणतात. निजामाच्या चाकरीतल्या रेमंड या फ्रेंच सेनानीचा तोफांचा कारखाना तिथे होता. त्याच्याच पलटणी १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांसमोर उभ्या होत्या. त्या काळच्या ओतीव तोफा आजही धड दिसतात. दस्त्यांचं नशीब तेवढं चांगलं नसतं.

दस्ता मोडतो तो बहुतेक वेळा चापामागे, मुठीत मावावा म्हणून जिथे तो निमुळता केलेला असतो तिथे. गोळी सुटताच मागे येणारा धक्का या मानेवर बसतो. तिथे लाकडाचे रेषे तिरपे गेले असतील तर फाट ठरलेलीच. त्यात नळीला वर्षानुवर्षं चोळलेलं तेल आत मुरतं आणि लाकूड काळं, मऊ पडतं. इशापूरच्या कारखान्यात तर ली-एनफील्ड रायफलच्या पुढच्या लाकडातून फाट रोखण्यासाठी आडवा स्क्रूच घालत.

तेल मुरलेल्या लाकडाला सरस धरत नाही. म्हणून आधी खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून लेप द्यायचा. वाळता वाळता तो तेल ओढून पिवळा पडतो. असं दोन-चारदा करावं लागतं. मग फाट हलकेच उघडून आत सरस सोडायचा आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची. मानेच्या गोलाईवर शिकंजा नीट बसत नाही, रबर बसतं. जुन्या वस्तूला सरसच बरा, कारण तो कोमट पाण्याने पुन्हा सोडवता येतो. इपॉक्सी तशी सुटत नाही.

पोचा गेला असेल तर ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री क्षणभर टेकवावी. चुर्रर्र आवाज होतो, वाफ आत शिरते आणि दबलेले रेषे फुगून वर येतात. तुटलेले रेषे मात्र येत नाहीत.

सगळ्यात मोठं नुकसान पॉलिश पेपर करतो. लाकूड धातूच्या कडेपेक्षा खाली जातं, कारागिराचे शिक्के पुसले जातात. ते परत आणता येत नाहीत. जवसाच्या तेलाचे पातळ हात, दोन हातांमध्ये पुरेसे दिवस, एवढं पुरतं. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ते आपोआप पेट घेतात.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूकदुरुस्तीला परवाना लागतो आणि शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. वाडवडिलांची बंदूक घरात असेल, तर आधी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि ती परवानाधारक कारागिरालाच दाखवा.